शालनमावशी, तुझी भिंत मी माझी म्हणून सांगितली

शालनमावशी, तुझ्या शोकसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मावशींच्या हाताला चव होती." एवढंच बोलले आणि खाली बसले.

शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर तुझा फोटो होता. आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू कुणावर तरी डाफरायच्या बेतात असल्यासारखी दिसतेस. पोरं रांगेत बसली होती. आधी गुरुजी बोलले, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून. मावशींनी इतकी वर्षं पोरांना मायेनं खिचडी खाऊ घातली म्हणाले. मग सरपंच उठले, त्यांनीही खिचडीच वाढली. आणि मग मी. ज्या बाईनं माझं शिक्षकपण तगवून धरलं तिच्यासाठी माझ्याकडं एक वाक्य निघालं, आणि तेही फोडणीचं.

त्या वाक्याचा मला सराव होता, म्हणून ते पटकन आलं असणार. पोषण आहाराची एक चव नोंदवही असते. पोरांच्या आधी शिक्षकानं घास खायचा आणि वहीत लिहायचं. जूनपासून रोज मी लिहीत आले, 'चव चांगली', आणि खाली सही. पहिले तीन महिने तर मी न खाताच लिहायची, कारण आम्ही जैन, आमच्या घरी कांदा-लसूण नाही. तू ते आठवड्याभरात ओळखलंस. "न खाताच चव कळतीया, लय शिकलेल्या हायत बाई," असं भांडी घासताना मोठ्यानं म्हणालीस, मला ऐकू जाईल असं. पुढं तूच फोडणीआधी माझ्यापुरती वाटीभर खिचडी बाजूला काढायला लागलीस. वर्षभरात सरकारदरबारी तुझ्याबद्दल मी जे काही लिहिलं ते एवढंच आहे. चव चांगली.

तुला जाऊन आता तीन आठवडे होतील आणि माझा राग उतरत नाही. गुरुजींचा राग येतो, केंद्रप्रमुख साहेबांचा येतो, त्या फुलं वाहणाऱ्या सगळ्या हातांचा येतो. तुझाही येतो, मावशी. आणि जिचा सगळ्यात जास्त यायला हवा ती तर आरशातच बसली आहे. जिवंतपणी तूच मला दटावलं होतंस, "अहो-जाहो करू नगा, म्हातारी झाल्यावानी वाटतंय." तेव्हा आता तुझ्याशी सरळ अगं-तुगं करूनच भांडते.

गेल्या जूनमध्ये मी तुझ्या वस्तीवर आले तेव्हा माझ्याकडं डी.एड.चं प्रमाणपत्र होतं, पात्रता परीक्षेचं होतं, आणि सात वर्षं भरतीची वाट बघितल्याचा कडवटपणा होता. त्या सात वर्षांत मी सांगलीत साड्यांच्या दुकानात घड्या घातल्या आणि संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. आमचं गाव कृष्णाकाठचं, काळ्या मातीचं. घरचे म्हणाले, "माण तालुक्यात? तिथं तर प्यायला टँकर लागतो." मी म्हणाले, शाळा तर आहे ना. म्हसवडला खोली घेतली आणि पहिल्या दिवशी स्कूटीवरून धूळ खात वस्तीवर पोचले.

दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत तिसरी-चौथी, समोर गुरुजी, कानाला फोन. दुसऱ्या खोलीला कडी. पहिली-दुसरीची पोरं किचन शेडपुढं, तुझ्यासमोर बसलेली. तू सुपात तांदूळ निवडत होतीस. शेडच्या भिंतीवर कोळशानं एकवीस नावं लिहिली होती, हातभर लांब, वाकडी. एक पोरगी एकेका अक्षरावर बोट फिरवत होती आणि बाकीची ओरडत होती. तू सुपातनं मान वर न काढता म्हणालीस, "आज 'ब' आजारी हाय. कोन आलं न्हाई?" आणि सगळी एका दमात, "बिरू!"

गुरुजींनी मला आत बोलावून सांगितलं, दोन वर्षं पद रिकामं होतं, चार वर्ग आणि मी एकटा, पहिली-दुसरी मावशीच बघतात. हवामान सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. दोन वर्षं! दोन वर्षं शासनाला एक शिक्षक मिळाला नाही, आणि त्या दोन वर्षांत चौथी शिकलेल्या स्वयंपाकीण बाईनं चुलीपुढं बसून एकवीस पोरं धरून ठेवली. याचा कागद कुठंही नाही. कारण कागदावर तसं झालेलंच नाही. कागदावर गुरुजींनी चारही वर्गांना शिकवलं आहे.

तू पदराला हात पुसत उठलीस. "उठा रं. तुमच्या बाई आल्या." आणि मला म्हणालीस, "घ्या बाई. लय वाट बगितली तुमची." मी पोरं घेतली. आभार मानले की नाही, ते आठवत नाही. म्हणजे मानले नसणार.

माझ्या डोक्यात प्रशिक्षण ताजं होतं. तक्ते, खेळ, वाचनपूर्व तयारी, पहिली सोपी अक्षरं मग अवघड. आठवड्याभरानं मी तुला समजावायला आले. मी, वय एकतीस, तुला! "मावशी, असं नावांवरून शिकवत नाहीत. आधी सोप्या अक्षरांपासून सुरुवात करायची असते."

"सोपं म्हंजी कुनाला सोपं?" तू विचारलंस.

मी हसले. खरंच हसले, मावशी. अडाणी माणसाच्या प्रश्नाला शिकलेलं माणूस हसतं तसं. मग म्हणाले, "तुम्ही आता वर्गात येऊ नका. तुम्ही स्वयंपाकाचं बघा, शिकवायचं मी बघते." तू सूप उचललंस आणि आत गेलीस. या वर्षात मी बरंच वाईट बोलले आहे, पण हे वाक्य आठवलं की आजही स्कूटी चालवता चालवता माझ्या तोंडून शिवी निघते.

ऑगस्टमध्ये भिंती बोलक्या करण्याचा निरोप आला. भिंतींवर चित्रं काढायची आणि आठ दिवसांत फोटो ग्रुपवर टाकायचे. आमचं निम्मं शिक्षण फोटोतच चालतं. झाड लावतानाचा फोटो, हात धुतानाचा फोटो, पोरं वाचताना कमी आणि फोटोसाठी पुस्तक धरून बसलेली जास्त. मी उत्साहानं म्हसवडहून पेंटर आणला. किचन शेडच्या भिंतीला आधी चुना लागला. तू घागर कमरेवर घेऊन उभी होतीस.

"बाई, पोरांची नावं पुसाय लागलाय."

"भिंत बोलकी करतोय, मावशी."

"ती बोलतच हुती की."

पेंटरनं अननस काढलं, आगगाडी काढली, ईडलिंबू काढलं. वस्तीवरच्या एकाही पोरानं अननस खाल्लेलं नव्हतं, आगगाडी पाहिलेली नव्हती, आणि ईडलिंबू तर मीही बघितलेलं नाही. फोटो मात्र सुंदर आला. ग्रुपवर अंगठे पडले.

मग मायाचं प्रकरण. दुसरीतली माया, तीच भिंतीवर बोट फिरवणारी. घरी मेंढरं. मी चिंचोके मोजायला दिले होते. तिनं वीस-वीसचे ढीग केले, उरलेले वेगळे ठेवले आणि म्हणाली, "दोन इसा आनि सात."

मी म्हणाले, चूक, परत मोज. तिनं परत मोजले. दोन इसा आनि सात. मी तिसऱ्यांदा मोजायला लावले आणि पाटीवर फुली मारली. मला दहा-दहाचे गठ्ठे हवे होते, प्रशिक्षणात दाखवले तसे. तेवढ्यात शेडच्या दारातून तुझा आवाज आला.

"बरूबर हाय ते! सत्तेचाळीस हायत! तिचा आजा जल्मभर मेंढरं तशीच मोजतोय. एक तरी मेंढरू चुकलंय का त्याचं आजपतूर?"

मी बाहेर आले आणि पोरांच्या देखत तुला म्हणाले, "हे तुमचं काम नाही."

"मग कुनाचं हाय? दोन वर्सं कुनाचं हुतं?"

मी तक्रार घेऊन गुरुजींकडं गेले. ते ऑनलाइन माहिती भरत होते. स्क्रीनवरनं नजर न काढता म्हणाले, "सांभाळून घ्या दोघी." या माणसानं नोकरीभर हेच केलं असणार, कुणाचीच बाजू न घेता सगळ्यांना सांभाळून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मायापुढं चिंचोके ठेवले तर तिनं हातानं लांब सारले.

तरीही तू गप्प बसली नाहीस, हे मला आज कबूल केलं पाहिजे. शाळा सुटल्यावर तू माझ्या स्कूटीपाशी येऊन उभी राहिलीस. "बाई, रागवायचं तर रागवा. पर दिवाळी झाली की मायाच्या घरची मेंढरं घिऊन कऱ्हाडकडं उतरत्यात. ती परत येनार पावसाळ्याला. मागं ऱ्हातो आजा, त्याचीच भाकरी शेजारी करत्यात, त्यो पोरीला काय बगनार? तवर तिला वाचाय आलं न्हाई तर सगळं पैल्यापासनं. तिची थोरली भन अशीच ऱ्हायली. आता बाप्यासारकी मेंढरं राखती, पर येष्टीची पाटी वाचाय येत न्हाई तिला."

मी म्हणाले, "माझं नियोजन आहे, मावशी." खरंच होतं. वर्षाचं, महिन्याचं, आठवड्याचं, सगळं वहीत आखलेलं. त्यात मेंढरं कधी उतरतात त्याचा रकाना नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास मी पोरांची चाचणी घेतली. एकवीसपैकी चौघांना अक्षरं धड ओळखता आली. जूनमध्ये हीच पोरं एकमेकांच्या नावांवरनं वीस-वीस अक्षरं सांगत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला मला अंगणही नव्हतं, तू ते झाडून सारवून माझ्या हातात दिलं होतंस. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी किचन शेडमध्ये आले आणि रडले. वाटलं होतं तू जवळ घेशील. तू सूप पुढं सरकवलंस. "रडू नगा. ह्ये तांदूळ निवडा."

मी दोन दिवस तांदूळ निवडले. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, "काय पायजे?" तुला ठाऊक होतं काय पाहिजे ते, पण तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस.

"वर्गात या," मी म्हणाले.

"सायबाला चालंल?"

"साहेबाला कळणार नाही."

खरं तर चोरी तिथंच सुरू झाली. तुला वर्गात घेताना मी तुला लपवायचंही ठरवून टाकलं होतं.

पण ते दिवस, मावशी! त्या दिवसांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. खिचडी वाढून झाली की तू हात धुऊन वर्गात यायचीस, मागं भिंतीला टेकून बसायचीस. कोळशानं नावं परत लिहिली, या वेळी वर्गाच्या मागच्या भिंतीवर, तुझ्याच हातानं. मी अक्षर सुबक काढायला गेले तर म्हणालीस, "वाकडंच ऱ्हाऊ द्या, पोरांची ओळख हाय त्याच्याशी." दोन इसा आनि सात म्हणजे सत्तेचाळीस, दोन्ही बरोबर, असं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं. मायानं ते बराच वेळ बघितलं आणि मग चिंचोक्यांची पिशवी स्वतःच ओढून घेतली. तू मला शिकवलंस की पोराला प्रश्न विचारून लगेच उत्तर मागायचं नसतं, जरा दुसरीकडं बघायचं असतं. सात वर्षं मी परीक्षा देत होते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मायानं हजेरी घेतली. माझ्या खुर्चीत बसून, हजेरीपटावरची एकवीस नावं, एकेक करून. ज्याचं नाव वाचलं तो 'हजर' म्हणत होता. बाराव्या-तेराव्या नावाला ती घाई करायला लागली तेव्हा तू मागनं म्हणालीस, "सावकाश वाच की, कुठं पळायचं हाय का?" आणि मग तुलाच हसू आलं, कारण दिवाळी झाली की ती निघणारच होती. मीही हसले. नोकरीतला माझा सगळ्यात चांगला दिवस तोच आहे, आणि तो तू दिलास.

जानेवारीत केंद्रप्रमुख साहेब आले. पोरांना वाचायला लावलं, गणितं घातली, भिंतीवरची नावं बघितली. खूश झाले. म्हणाले, "हे कुणी करून घेतलं?"

"मी, सर."

तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. गुरुजी फरशीकडं बघत होते. तू आत आलीस, साहेबांपुढं बिनसाखरेचा कप ठेवलास, माझ्यापुढं माझा ठेवलास, आणि गेलीस.

नंतर मी स्वतःला कारणं सांगत बसले. मी शिक्षण सेवक, तीन वर्षं कायम व्हायची नाही. बाहेरचं माणूस वर्गात बसवलं म्हणून गुरुजींना नोटीस आली असती. तुलाच काढून टाकलं असतं. सगळी कारणं खरी आहेत, पण तो 'मी' तोंडातून निघाला तेव्हा त्यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त छान वाटलं होतं. सात वर्षं कुणी मला शाबास म्हणालं नव्हतं.

आणि एकदा खाल्लं की चटक लागते. साहेबांनी तालुक्याच्या बैठकीत मला अनुभवकथन करायला सांगितलं. नवीन शिक्षिकेचं पहिलं वर्ष. मी अकरा स्लाइड केल्या. 'नावांची भिंत : एक अभिनव उपक्रम', आणि खाली माझं नाव. तिसऱ्या स्लाइडवर फोटो होता, त्यात कडेला तुझा हात आला होता, कोळसा धरलेला, हिरव्या बांगड्यांचा. मी तो कापला. मोबाईलवर दोन बोटांनी चौकट आत ओढली आणि तू गेलीस. इतकं सोपं असतं ते. टाळ्या झाल्या, गुलाबाचं फूल मिळालं. एका बाईंनी विचारलं, कल्पना कशी सुचली? मी म्हणाले, "मुलांचं निरीक्षण करताना." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी पुस्तकात वाचला होता, त्या दिवशी तो माझ्याच तोंडानं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "फटूत मी हाय का?"

"नाही आलात, मावशी. उजेड कमी होता."

"बरं," म्हणालीस, "पोरं दिसत्यात न्हवं? मग झालं."

त्यानंतर तू 'आपली पोरं' म्हणायची बंद झालीस. 'तुमची पोरं' म्हणायला लागलीस. "तुमची पोरं जेवली." "तुमच्या पोराला ताप हाय." माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस, पहिल्याच दिवशी आलं. पण वर्गात येणं तू सोडलं नाहीस. रोज खिचडी झाली की भिंतीला टेकून बसायचीस, पहिल्यासारखीच. वाटीतला बिनकांद्याचा घासही सुटला नाही. मी त्याचा सोयीचा अर्थ लावला. मला वाटलं, मावशीनं मनावर घेतलं नाही. मावशी माफ करून मोकळी झाली. कायम व्हायच्या जवळ आलं की सांगू सगळ्यांना, असं मी ठरवलं, आणि एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेला एक दिवस शेडमधून धूर निघाला नाही.

आता माझं तुझ्याशी भांडण आहे ते ऐक. किडे पडलेल्या तांदळाचं पोतं तू सरपंचाच्या दारात नेऊन ओतलं होतंस. गुरुजींना तू तोंडावर 'फोनवाले गुरुजी' म्हणायचीस. तू कुणाच्या बापाला भीत नव्हतीस. मग माझ्यापुढंच का गप्प बसलीस? त्या दिवशी ट्रे ठेवून एक वाक्य बोलली असतीस तर काय झालं असतं? फार तर माझं नाक कापलं गेलं असतं, ते कापलं जायलाच हवं होतं. तू भांडली असतीस तर मी रडले असते, तांदूळ निवडले असते, आणि तू जिवंत असताना खरं बोलले असते. तू मला सुटू दिलंस. असलं सुटणं कुणी मागितलं होतं? मायेनं केलंस असं वाटायचं आणि त्या मायेचाच मला जास्त राग यायचा.

काल एक मे होता. झेंडावंदन झालं, निकाल वाटले. पालक सगळे आलेले, ज्यांची मेंढरं अजून कऱ्हाडकडं आहेत ते सोडून. गुरुजी म्हणाले, बाई, पहिलं वर्ष झालं, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. या वेळी सगळं बोलले. दोन वर्षं पोरं कुणी धरून ठेवली, भिंत कुणाची, मी ती पुसली कशी, साहेबांना काय सांगितलं, फोटोतला हात कापला तोही. गुरुजींचा चेहरा उतरला होता. आदल्या दिवशी मी साहेबांनाही फोन केला होता. ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. पण आता भेटीच्या वहीत तुमच्या नावानं शेरा लिहून झालाय बाई, तो कसा बदलणार?" तेही मी सांगून टाकलं.

कुणी चकित झालं नाही. बायका पदराशी चाळा करत होत्या, पुरुष जमिनीकडं बघत होते. मग मागनं मायाचा आजा बोलला. गुडघ्यांमुळं तो आता मेंढरांमागं जात नाही, काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

"आवं बाई, ह्ये ठावं हाय आमाला. पोरं घरी यिऊन सांगत न्हाईत व्हय? समद्या वस्तीला ठावं हाय."

"मग कुणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"मी ईचारलं हुतं शालनला. म्हनलं, तुजं काम तिनं आपल्या नावावर खपिवलं, आन तू गप्प कशापाय? तर म्हनली, आबा, चोराला चोर म्हनलं की त्यो पळून जातुया. ही पळून गेली तर दुसरी बाई कवा यायची? परत दोन वर्सं मी किती पुरी पडनार? शिकिवती बरी. ऱ्हाऊ दे हिला."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

मावशी, एवढे दिवस मी तुझ्या मायेवर चिडले होते, आणि इथं माया नव्हतीच. तू मला माफ केलेलं नव्हतंस. रोज माझ्या वर्गात येऊन बसत होतीस, माझी वाटी वेगळी काढत होतीस, आणि मला चोर म्हणून ओळखत होतीस. पोरांसाठी तू मला ठेवून घेतलं होतंस. 'शिकिवती बरी,' हा तुझा शेरा, तोही दुसऱ्याच्या तोंडून आणि तू गेल्यावर.

आजानं काठी सरळ केली. म्हसवडच्या बाजारात गिऱ्हाइकाकडं बघतात तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मग जूनला येताय न्हवं?"

"येते," मी म्हणाले.